पानिपतच्या पत्रामागचा माणूस

दर वर्षी १४ जानेवारीला आमच्या फॅमिली ग्रुपवर तिळगुळाच्या फोटोंमध्ये पानिपत येतं. कुणीतरी सदाशिवरावभाऊंचं चित्र टाकतं, कुणी व्हिडिओ टाकतं, आणि मग ‘आपलं काय चुकलं’ यावर मामा आणि काका संध्याकाळपर्यंत भांडतात. दोन वर्षांपूर्वी त्या भांडणात मीही एक फॉरवर्ड टाकला होता. अब्दालीला पत्र लिहून हिंदुस्थानात बोलावणारा दिल्लीचा मौलवी, शाह वलीउल्लाह, त्याच्याबद्दलचा. खाली दोन ओळी माझ्या, रागाच्या.

तोच मजकूर मी फ्लॅटवरच्या मित्रालाही दाखवला. आम्ही एकाच कंपनीत, एकाच टीममध्ये. तो मुझफ्फरनगर जिल्ह्यातला. त्याने वाचलं, फोन परत दिला आणि एवढंच म्हणाला, “भाई, हमारे यहाँ लोग बच्चों के नाम इन पर रखते हैं.” त्यात राग नव्हता. मग त्याने सांगितलं की या माणसाचं जन्मगाव फुलत त्याच्या घरापासून फार लांब नाही, आणि त्याचे आजोबा ज्या परंपरेत शिकले ती आपली मुळं याच माणसापर्यंत नेते.

मी कोड लिहिणारा माणूस आहे, इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण एकच नाव एका घरात खलनायकाचं आणि दुसऱ्या घरात आदराचं असेल, तर दोन्ही घरांनी निम्मंच वाचलंय एवढं कळायला पदवी लागत नाही. मी वाचायला लागलो. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतोय.

घराणं

शाह वलीउल्लाह यांचा जन्म २१ फेब्रुवारी १७०३चा, आजोळी, फुलतला. औरंगजेब तेव्हा जिवंत होता आणि दख्खनमध्ये मराठ्यांशी लढत होता. चार वर्षांनी तो अहमदनगरला मेला. म्हणजे या माणसाच्या आयुष्याची सुरुवातच अशा साम्राज्यात झाली ज्याची ताकद आपल्या मुलखात झिजत होती.

दख्खनचा संबंध त्या घरात आधीच आला होता. आजोबा वजीहुद्दीन मुघल फौजेतले शिपाईगडी. घराण्याने जपलेल्या आठवणींनुसार म्हातारपणी ते दख्खनच्या मोहिमेत सामील व्हायला निघाले आणि नर्मदेच्या परिसरात लुटारूंशी लढताना मारले गेले. त्यांचे चिरंजीव शाह अब्दुर्रहीम यांनी तलवार सोडून पुस्तक धरलं. औरंगजेबाने इस्लामी कायद्याचा मोठा ग्रंथ तयार करवून घेतला, ‘फतावा-ए-आलमगिरी’. त्याच्या कामात ते काही काळ होते. पण दरबारात त्यांचं मन रमलं नाही. दिल्लीत त्यांनी मदरसा चालवला, तो पुढे मदरसा-ए-रहीमिया म्हणून ओळखला गेला. ते सूफी होते, मुख्यतः नक्शबंदी परंपरेतले, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे इतर परंपरांचीही दीक्षा घेतलेले.

सूफींमध्ये एका दर्ग्याची कथा असतेच, इथेही आहे. अब्दुर्रहीम यांना ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या कबरीपाशी साक्षात्कार झाला की तुला मुलगा होईल, त्याला माझं नाव दे. म्हणून वलीउल्लाह यांचं दुसरं नाव कुतुबुद्दीन अहमद. मूल झालं तेव्हा वडिलांची साठी जवळ आली होती.

मुलाचं बालपण आपल्याकडच्या स्कॉलर पोरांना लाजवणारं. पाचव्या वर्षी शाळा, सातव्या वर्षी कुराण पूर्ण, चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी अभ्यासक्रम संपवून वडिलांकडून सूफी दीक्षा. हे सगळं त्यांनी स्वतःच एका छोट्या आत्मकथनात लिहून ठेवलंय. १७१९ साली वडील गेले आणि किशोरवयातच मदरशाची जबाबदारी त्यांच्यावर आली.

१७१९ हे साल मराठी माणसाला वेगळ्या कारणाने माहीत असतं. त्याच वर्षी बाळाजी विश्वनाथ सय्यद बंधूंच्या मदतीला फौज घेऊन दिल्लीत गेले, बादशहा फर्रुखसियर पदच्युत होऊन मारला गेला, आणि पेशवे चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. आपल्या पुस्तकात तो मराठ्यांच्या दिल्लीप्रवेशाचा अभिमानाचा क्षण आहे. त्याच शहरात नुकतंच बापाचं छत्र हरपलेला एक तरुण मुलगा वर्गात शिकवत होता आणि बाहेर दख्खनी घोडेस्वारांवरून दंगे उसळत होते. ही दोन दृश्यं एकाच शहरातली आहेत हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

ग्वाल्हेर ते मदिना आणि परत

बारा वर्षं शिकवल्यावर वलीउल्लाह हजला गेले. १७३१ ते १७३२ या काळात ते मक्का-मदिनेत होते. त्यांच्या आयुष्याला वळण लागलं ते इथे.

सूफी परंपरेत ‘सिलसिला’ असतो. म्हणजे साखळी: मला अमक्याने दीक्षा दिली, त्याला तमक्याने, असं करत थेट पैगंबरांपर्यंत. आपल्याकडे नाथांची किंवा वारकऱ्यांची गुरुपरंपरा सांगतात तसंच. हदीसच्या अभ्यासातही हेच: वाक्य काय आहे याइतकंच ते कुणाकडून कुणाकडे आलं हे महत्त्वाचं. माझ्या कामाच्या भाषेत, प्रत्येक ओळ कुणी, कधी, कुणाच्या आधारावर जोडली याचा पूर्ण लॉग.

मदिनेत त्यांना गुरू भेटले अबू ताहिर मुहम्मद. हे इब्राहिम अल-कुरानी या मोठ्या कुर्द विद्वानाचे चिरंजीव. कुरानी यांचे गुरू अहमद अल-कुशाशी, त्यांचे गुरू अहमद अल-शिन्नावी, आणि त्यांचे गुरू सिबगतुल्लाह. हे सिबगतुल्लाह भडोचचे! गुजरातेतून जाऊन मदिनेत स्थायिक झालेले आणि १६०६ साली तिथेच वारलेले. त्यांचे गुरू अहमदाबादचे वजीहुद्दीन अलवी, आणि त्यांचे गुरू मुहम्मद गौस ग्वाल्हेरी, ज्यांच्या मकबऱ्याशेजारी तानसेनाची कबर आहे.

म्हणजे दिल्लीचा माणूस समुद्र ओलांडून अरबस्तानात गेला आणि तिथे त्याला जी शत्तारी दीक्षा मिळाली, ती मुळात ग्वाल्हेरहून गुजरातमार्गे मदिनेला पोचलेली होती. याच कुरानींचा आणखी एक शिष्य, अब्दुर्रऊफ, सुमात्रा बेटावरच्या आचे राज्याचा. तो घरी परतला आणि त्याने हे ज्ञान मलाय भाषेत नेलं. इंटरनेटच्या आधीचं हे नेटवर्क. केबल नव्हती, पण हजची जहाजं होती.

मदिनेत वलीउल्लाह यांनी हदीसचा सखोल अभ्यास केला. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या ग्रंथावर त्यांचा जीव जडला. त्यावर त्यांनी पुढे दोन टीका लिहिल्या, एक अरबीत आणि एक फारसीत. मक्केत त्यांना एक स्वप्न पडलं तेही त्यांनी नोंदवलंय: काफिरांच्या राजाने मुसलमानांची शहरं घेतली आहेत, अजमेरपर्यंत, आणि लोक विचारतायत की आता ईश्वराची आज्ञा काय? स्वप्नात त्यांचं उत्तर होतं की सगळ्या व्यवस्था मोडून टाका. हे स्वप्न लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

जुळवणारा माणूस

परत आल्यावर त्यांनी जे लिहिलं त्याचा मुख्य धागा एकच आहे, ‘तत्बीक’. म्हणजे विरोधी वाटणाऱ्या गोष्टींचा मेळ घालणं.

त्या काळी सूफींमध्ये मोठा वाद होता. इब्न अरबी यांच्या अनुयायांचं म्हणणं, अस्तित्व एकच आहे. शेख अहमद सिरहिंदी यांचं म्हणणं, एकत्व दिसतं ते साधकाच्या अनुभवात, प्रत्यक्षात निर्माता आणि सृष्टी वेगळे. अद्वैत आणि द्वैत यांच्या वादाची ज्याला थोडी ओळख आहे त्याला हा सूर अनोळखी वाटणार नाही. वलीउल्लाह स्वतः सिरहिंदींच्या नक्शबंदी परंपरेतले, तरी त्यांनी लिहिलं की दोघं एकाच सत्याबद्दल बोलतायत, फरक शब्दांचा आहे. कायद्याच्या चार पंथांबद्दलही त्यांची हीच वृत्ती. भांडणाच्या मुळाशी जायचं आणि कारण शोधायचं.

त्यांचा सगळ्यात मोठा ग्रंथ ‘हुज्जतुल्लाह अल-बालिगा’. धर्माचे नियम नुसते पाळायचे नसतात, प्रत्येक नियमामागे माणसाच्या भल्याचं कारण असतं, ते समजून घ्यायचं, हा त्याचा गाभा. त्यातला एक भाग वाचून मी थांबलो. आपल्या काळी शहरं उजाड का होतायत याची ते दोन कारणं देतात. एक, काहीही काम न करता सरकारी खजिन्यावर जगणारे लोक, आणि त्या यादीत सैनिकांबरोबर विद्वान, फकीर आणि कवीसुद्धा आहेत. दोन, शेतकरी, व्यापारी आणि कारागीर यांच्यावर लादलेले जबर कर. स्वतःच्या जमातीचं नाव आरोपींच्या यादीत घालणारा विद्वान मला आवडून गेला. पीरांच्या मुलांनाही त्यांनी झापलंय: बापजाद्यांच्या नावावर दुकानं मांडून बसलात आणि ज्याने तो दुकानदार वेगळा!

आणि १७३८च्या सुमाराला त्यांनी कुराणाचा फारसी अनुवाद पूर्ण केला. प्रस्तावनेत ते म्हणतात की हे शिपायांच्या आणि कारागिरांच्या मुलांसाठी आहे, म्हणजे ज्यांना मोठमोठ्या अरबी ग्रंथांना वेळ मिळणार नाही त्यांच्यासाठी. ज्या भाषेत ज्ञानेश्वरी झाली त्या भाषेच्या वाचकाला या कामाचं मोल वेगळं समजवावं लागू नये.

पत्र

आता पत्राकडे.

१७३९ साली नादिरशहाने दिल्लीत कत्तल केली, मयूरासन नेलं. वलीउल्लाह तेव्हा शहरातच राहत होते. त्यानंतर वीस वर्षं दिल्लीला श्वास घ्यायला मिळाला नाही. वजीर बदलत राहिले, बादशहा मारला गेला. १७५७ साली अब्दालीने शहर लुटलं. त्याच वर्षी रघुनाथरावांची फौज आली. १७५८ साली मराठे लाहोरला पोचले आणि अब्दालीच्या मुलाला, तैमूरशहाला, तिथून हाकलून लावलं.

या काळात वलीउल्लाह यांनी राजे-सरदारांना पत्रं लिहिली. ती १९५० साली खलीक अहमद निजामी यांनी एकत्र छापली. त्यात अब्दालीला लिहिलेलं पत्र आहे. त्यात हिंदुस्थानची राजकीय स्थिती सांगितली आहे, मराठ्यांची आणि जाटांची माहिती आहे, त्यांना हरवणं अवघड नाही असं आश्वासन आहे आणि हे तुमचं धार्मिक कर्तव्य आहे असं आवाहन आहे. नादिरशहासारखं करू नका, त्याने मुसलमानांनाच उद्ध्वस्त केलं आणि मराठे-जाट सुखरूप राहिले, असंही बजावलंय.

माझा फॉरवर्ड इथपर्यंत खरा होता. ते लिहिलं गेलं हे मी मित्राच्या भिडेखातर गुळगुळीत करणार नाही. मराठ्यांचा पाडाव व्हावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती आणि त्यासाठी परकी फौज यावी असं त्यांना वाटत होतं.

पण फॉरवर्ड पुढे म्हणत होता, ‘या पत्रामुळे पानिपत झालं’. इथे मात्र रूट कॉज चुकलाय. मुलाला लाहोरातून हाकलल्यावर पंजाब परत घ्यायला अब्दालीला कुणाच्या फतव्याची गरज नव्हती. त्याला बोलावणारा खरा माणूस नजीबखान रोहिला, ज्याला १७५९ साली दत्ताजी शिंद्यांनी शुक्रतालला कोंडलं होतं. नजीबाकडे फौज होती, मुलूख होता, जिवाची भीती होती. जाट आणि राजपूत आपल्यापासून का दुरावले, शुजाउद्दौला शेवटी तिकडे का गेला, यात्रेकरूंचा एवढा लवाजमा युद्धावर का नेला, या प्रश्नांची उत्तरं कुठल्याच मौलवीच्या पत्रात सापडणार नाहीत. पराभवाचं खापर एका पत्रावर फोडलं की आपल्या चुका मोजायच्या राहून जातात, हा त्या फॉरवर्डचा खरा उपयोग.

नजीबालाही वलीउल्लाह यांची पत्रं आहेत. त्यातल्या एकात ते विनवतात की फौज दिल्लीत येईल तेव्हा मागच्यासारखी शहराची धूळधाण होऊ देऊ नका, मुसलमानांच्या आणि हिंदू रयतेच्याही मालमत्तेला हात लागू देऊ नका. मला ही ओळ सगळ्यात केविलवाणी वाटते. आग मागवायची आणि वर म्हणायचं, फक्त एवढी घरं सोडून जाळा.

मेळ कुठे संपला

मग मला छळणारा प्रश्न हा होता: आयुष्यभर विरोधांचा मेळ घालणारा माणूस इथे का अडखळला?

मला जे उत्तर दिसतं ते असं. त्यांच्या तत्बीकला कुंपण होतं. कुंपणाच्या आत, म्हणजे मुसलमानांमधले पंथ, तत्त्वज्ञानं, सिलसिले यांच्यासाठी, त्यांचं मन अफाट मोठं होतं. बाहेरच्यांसाठी ते दार उघडलं नाही. आपल्या मृत्युपत्रात ते लिहितात की आपण अरब आहोत, आपले पूर्वज परदेशातून हिंदुस्थानात आले, अरब वंश आणि अरबी भाषा हाच आपला अभिमान. फुलतला जन्मलेला, दिल्लीच्या मातीत वाढलेला, कित्येक पिढ्या इथे काढलेल्या घरातला माणूस हे लिहितो. ज्याची वंशावळ त्याला सतत दुसरीकडे बघायला लावते त्याला मदत मागतानाही दुसरीकडेच बघावंसं वाटत असेल. मक्केतल्या स्वप्नातही इथली माणसं फक्त काफिर राजाच्या रूपात आली होती.

हा त्या काळाचा दोष म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याच दिल्लीत, त्याच काळात, त्याच नक्शबंदी परंपरेचे मिर्झा मझहर जान-ए-जानाँ राहत होते. त्यांनी एका पत्रात वेदांना ईश्वरी ग्रंथ मानलं आणि हिंदूंना अरबस्तानातल्या जुन्या मूर्तिपूजकांच्या पंगतीला बसवता येत नाही असं म्हटलं. शहर एक, सिलसिला एक, आणि कुंपण दोघांनी वेगवेगळ्या जागी घातलं.

नंतर

१४ जानेवारी १७६१ला जे झालं ते आपल्या भाषेत वाक्प्रचार बनून राहिलंय. वलीउल्लाह यांना हवं होतं ते झालं, आणि त्यातून त्यांना हवं असलेलं काहीच निघालं नाही. अब्दाली दोनेक महिन्यांत परत गेला. मुघल सत्ता सावरली नाही. २० ऑगस्ट १७६२ रोजी, एकोणसाठाव्या वर्षी, वलीउल्लाह दिल्लीत वारले. मेहदियाँ कब्रस्तानात ते वडिलांजवळ आहेत.

दहा वर्षांत मराठे परतले. महादजी शिंद्यांनी १७७२ साली शाहआलमला दिल्लीच्या तख्तावर बसवलं आणि पुढे राज्याची सूत्रं त्यांच्याच हाती आली. ज्याची वलीउल्लाह यांना धास्ती होती नेमकं तेच घडलं. मग काय झालं? मदरसा चालू राहिला. थोरले चिरंजीव शाह अब्दुल अझीझ तिथे शिकवत राहिले. दुसरे, शाह अब्दुल कादिर, यांनी कुराणाचा उर्दू अनुवाद पूर्ण केला तो १७९०च्या सुमारास, म्हणजे दिल्लीवर शिंद्यांचा अंमल असताना. बापाने ज्यांना हाकलायला परकी फौज मागितली त्यांच्याच राज्यात मुलाने बापाचं काम पुढे नेलं. हे वाचलं त्या रात्री मी मित्राला उठवून सांगितलं होतं.

११ सप्टेंबर १८०३ला जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पटपडगंजला पराभव केला आणि दिल्ली कंपनीची झाली. त्यानंतर शाह अब्दुल अझीझ यांचा प्रसिद्ध फतवा आला की दिल्लीपासून कलकत्त्यापर्यंत आता ख्रिश्चनांचा हुकूम चालतो, हा मुलूख ‘दार-उल-हर्ब’ झाला. कंपनीच्या ज्या विजयाने मराठ्यांची उत्तरेतली सत्ता गेली, त्याच विजयानंतरचा तो फतवा. १८६६ साली देवबंदला मदरसा निघाला तो स्वतःला याच घराण्याचा वारस मानतो. मित्राचे आजोबा शिकले ते त्याच साखळीत.

यंदा १४ जानेवारीला तो फॉरवर्ड पुन्हा ग्रुपवर आला, या वेळी मामांकडून. मी खाली लिहिलं, ‘पत्र खरं आहे, पण कारण ते नाही,’ आणि वर सांगितलंय त्यातलं थोडं टाकलं. मामांनी अंगठा दाखवला, काकांनी ‘आता तूही त्यांचा वकील का’ असं विचारलं. मी दत्ताजी आणि शुक्रतालबद्दल लिहायला घेतलं, तेव्हा मित्र स्वयंपाकघरात चहा ठेवत होता. त्याला स्क्रीन दाखवली. त्याने पत्राबद्दलचा भाग सावकाश वाचला आणि म्हणाला, हे आम्हाला घरी कुणी सांगितलं नव्हतं. मग त्याने त्याचा फारसी न येणाऱ्यांसाठी उर्दूत अनुवाद मिळतो का ते शोधायला फोन काढला.